ओळीच्या शेवटची जागा

"अंकल हर लाइन का एंड खा जाता है यार. दम नहीं बचा."

रेकॉर्डिस्ट हे मोबाइलवर आपल्या मित्राला सांगत होता. काचेपलीकडच्या माणसाला ते ऐकू जाईल असं त्याला वाटलं नव्हतं. पण बोलता बोलता त्याचं कोपर टेबलावरच्या एका बटणावर टेकलं होतं, आणि ते बटण दाबलं की बाहेरचं बोलणं आतल्या हेडफोनमध्ये जायचं. आत माझे पप्पा होते. त्यांचा हात हेडफोनकडे गेला, तिथेच थांबला आणि खाली आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पटकन मान वळवून भिंतीवरचा गालिचा बघू लागले. आमच्या घरात एकमेकांची लाज राखायची हीच पद्धत आहे.

फोन ठेवून रेकॉर्डिस्टने माइक जवळ ओढला. "बहुत बढ़िया अंकल. बस, एक और टेक लेते हैं."

"हां बेटा, लो लो," पप्पा म्हणाले. आवाज नेहमीचाच होता.

स्टुडिओ उल्हासनगरला होता, जीन्स शिवणाऱ्या एका वर्कशॉपच्या वरच्या खोलीत. भिंतींना जुने गालिचे ठोकले होते, दाराला आतून गादी लावली होती. तरी खालच्या शिलाई मशीनची थरथर फरशीतून वर यायची आणि माइकमध्ये उतरायची. म्हणून रेकॉर्डिस्ट, एक सिंधी मुलगा, गाण्याची वेळ लोडशेडिंग बघून द्यायचा. लाइट गेली की खालची मशीनं थांबत, आणि वरचा कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू राही. पंखा मात्र बंद. पप्पांना या युक्तीचं फार कौतुक वाटलं होतं. जिना चढताना ते मला म्हणाले, "बघ, आपल्याकडे लाइट गेली की सगळं बंद पडतं. याचा धंदा सुरू होतो."

मला त्यांनी सोबत आणलं होतं ते इंग्रजीसाठी. "मशीनवर सगळं इंग्लिशमध्ये असतं," ते म्हणाले होते. "तो काय करतोय ते बघत राहा. काही वाटलं तर बोल." काही वाटलं तरी मी बोलणार नाही, हे त्यांना माहीत असावं. पण मुलीला कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं तर तिचा कुठेतरी उपयोग व्हावा, एवढी त्यांची साधी अपेक्षा होती.

पप्पा अंबरनाथच्या कारखान्यात फिटर होते. संध्याकाळी आणि रविवारी ते गायक असायचे. आमच्या कॉलनीची एक गायन पार्टी होती. चौदा एप्रिलची जयंती असो, कुणाचं लग्न असो, कुणी गेल्यावर त्याच्या घरी पुण्यानुमोदन असो, पार्टी जाऊन बसायची. मी कॉलेजात गेले तोवर ती पार्टी मोडली होती. भांडण वगैरे काही झालं नाही. पेटी वाजवणारे काका वारले. ढोलकीवाले रिटायर होऊन सोनिवलीला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेले आणि गुडघ्यांमुळे खाली बसेनासे झाले. आणि मुख्य म्हणजे बोलावणी थांबली. जयंतीला आता गाडीवर मोठे स्पीकर लागायचे. कमिटीतली मुलं पप्पांना मान द्यायची, पण त्यांनी सरळ सांगितलं, "काका, आता लाइव्हला कोण थांबतं? सीडी द्या. पहिलं गाणं तुमचंच लावू."

तेव्हापासून पप्पांच्या मनाने घेतलं की एक तरी गाणं आपल्या आवाजात रेकॉर्ड व्हायला हवं आणि या जयंतीला ते गाडीवर वाजायला हवं. गाणं कोणतं, याचा विचार करावाच लागला नाही. पेटीवाल्या काकांनी रचलेलं आणि पप्पांनी आयुष्यभर म्हटलेलं ते एकच गाणं कॉलनीत सगळ्यांना पाठ होतं. कंदिलाच्या उजेडात अभ्यास करणाऱ्या मुलीचं गाणं.

कंदिलाची काळी झाली काच,
भाकरी दोन अन् खाणारी पाच,
दिवसभर घरकामाचा जाच,
तरी तू वाच, पोरी वाच.

कागदावर ते असं दिसतं. पण मी लहानपणी ऐकलं ते असं नव्हतं.

मंडपवाला आमच्या पार्टीला एकच माइक द्यायचा. कधीकधी तोही शिट्ट्या मारायचा. एका माइकमध्ये पाच-सहा माणसं कशी बसवायची, याची पार्टीने आपली एक रीत बसवली होती. पप्पा मधे उभे राहायचे. त्यांच्या डाव्या हाताला कोरस, म्हणजे माझी मम्मी, पेटीवाल्या काकांची बायको आणि आणखी एकदोघं. पप्पा ओळ उचलायचे, "कंदिलाची काळी झाली..." आणि शेवटचा शब्द तोंडातच ठेवून डावीकडे मान वळवत एक पाऊल मागे सरायचे. त्या मोकळ्या झालेल्या जागेत कोरस पुढे यायचा आणि म्हणायचा, "काच! गं बाई, काच!" तेवढ्यात पप्पा मागे उभे राहून छातीभर श्वास घ्यायचे. पुढची ओळ वरच्या पट्टीत होती, ती त्या श्वासावर उभी असायची. "भाकरी दोन अन् खाणारी..." पुन्हा एक पाऊल मागे. "पाच! गं बाई, पाच!" तोपर्यंत समोर बसलेल्यांनाही कळलेलं असायचं. "जाच" आणि "वाच" यायच्या वेळेला सगळा मंडप शब्द झेलायला तयार असायचा. मी मम्मीच्या मागे बसून झेलायचे. शाळेत बाकाखाली बघत उत्तर देणारी मुलगी मंडपात कशी काय ओरडू शकायची, याचं मला अजून नवल वाटतं. मला वाटतं, तो शब्द माझा एकटीचा नसायचा म्हणून जमायचं.

मम्मी त्यावरून पप्पांची टिंगल करायची. "घरात मी यांना वाक्य पुरं करू देत नाही, आणि गाण्यात पब्लिक करू देत नाही. बिचारा माणूस."

तर स्टुडिओत काय झालं, ते सांगते. पहिल्या दिवशी रेकॉर्डिस्ट म्हणाला होता, "अंकल, एक बार गाके दिखाओ, मैं ट्रॅक बना लूंगा." पप्पांनी एखाद्याला गाणं उतरवून द्यावं तसं सलग म्हणून दाखवलं. सगळे शब्द, शेवटच्या शब्दासकट, स्वच्छ. समोरच्याला गाणं समजावं म्हणून माणूस तसंच म्हणतो. कोरसची जागा सोडून, एकट्याने अर्ध्या अर्ध्या ओळी म्हणून दाखवणं त्यांना वेड्यासारखं वाटलं असतं. पोराने त्यावरून कीबोर्डवर ट्रॅक बांधला. ट्रॅक सुरेख होता. बासरी होती, ढोलकी कधी न चुकणारी होती. पण एका ओळीला लागून दुसरी ओळ होती. मधे श्वास घ्यायला जागा नव्हती.

आता त्या ट्रॅकवर पप्पा उभे राहिले आणि इतक्या वर्षांच्या सवयीने, प्रत्येक ओळीच्या शेवटी, डावीकडे मान वळवून एक पाऊल मागे जाऊ लागले. तिथे कुणीच नव्हतं. गादी लावलेलं दार होतं. माइकमध्ये "कंदिलाची काळी झाली" एवढंच यायचं, आणि मग पुढची ओळ अर्धी निघून गेल्यावर धापा टाकत पप्पा पुढे यायचे.

रेकॉर्डिस्टने फरशीवर निळी टेप चिकटवली. "अंकल, इस पट्टी के पीछे नहीं जाना."

"नाही जाणार."

गेले. दर वेळी गेले. एकदा तर पाय टेपवर रोवून ठेवला आणि नुसतं कमरेतून मागे झुकले. रेकॉर्डिस्टला हसू आलं, पप्पांनाही आलं. पुढच्या टेकला त्यांनी निग्रहाने सगळी ओळ म्हटली आणि तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज फुटला. ते हसणं तिथे संपलं. रेकॉर्डिस्टला मित्राचा तो फोन आला, त्याच्या आधीची ही गोष्ट.

मी तेव्हा बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं होतं. सौंदर्यशास्त्राचा एक पेपर होता. आमच्या मॅडमनी शिकवलं होतं की खरी कलाकृती कलावंताच्या मनात पूर्ण झालेली असते. हात, कुंचला, वाद्य, तंत्र ही सगळी तिला बाहेर आणण्याची साधनं. साधन बदललं तरी मूळ कृतीला धक्का लागत नाही. मी ते उत्तर इंग्रजीत नीट लिहिलं होतं आणि मला ते पटलंही होतं. निदान ऐकायला स्वच्छ वाटलं होतं. त्या उकाड्यात, बंद पंख्याखाली, मॅडमचं ते म्हणणं मी पुन्हा ऐकलं, या वेळी रेकॉर्डिस्टच्या तोंडून. तो काचेतून पप्पांना धीर देत होता, "टेन्शन मत लो अंकल. गाना तो आपके अंदर पूरा है ना? जैसा आता है वैसा दे दो. बाकी मशीन कर लेगा."

पप्पांच्या आत गाणं पूर्ण होतं, यात शंका नाही. पण त्या आतल्या गाण्यात मम्मी होती. पेटीवाल्या काकू होत्या. समोरचा मंडप होता, आणि एक भंगार माइकही होता, ज्याच्यामुळे मागे सरावं लागायचं. मागे सरणं हे साधन होतं की गाणं? मला तिथे बसल्या बसल्या हे दोन वेगळे करता येईनात. मशीन वाईट आणि जुनं ते चांगलं, असं म्हणायची सोय नव्हती, कारण ती जुनी रीतही एका मशीननेच लावलेली होती. मंडपवाल्याने तेव्हा दोन माइक दिले असते, तर कदाचित ही रीत जन्मालाच आली नसती.

हे मी बोलले नाही. बोलण्यासारखं वाटलंही नाही. आतला माणूस घामाने भिजला होता आणि त्याला फक्त गाणं पुरं व्हायला हवं होतं.

शेवटी रेकॉर्डिस्टने तोड काढली. आधी पप्पांनी आपल्या सवयीने, अर्ध्या ओळी म्हणायच्या. मागाहून फक्त शेवटचे शब्द वेगळे म्हणायचे. तो ते जागच्या जागी बसवणार होता. तसं केलं. पप्पा टेपवर ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "काच." थांबले. "पाच." थांबले. "जाच." शाळेत हजेरी द्यावी तसे. "वाच" मात्र त्यांनी तीनतीनदा दिला, हा बरा की तो बरा असं विचारत. मग पोराने पडद्यावर आवाजाच्या हिरव्या टेकड्या पसरल्या. टेकड्यांमध्ये सपाट रेषा होत्या. प्रत्येक सपाट रेषेवर त्याने एक शब्द आणून ठेवला, कडा घासून गुळगुळीत केल्या, श्वासाचे आवाज खोडले, उतरलेले सूर वर उचलले. फार हुशार हात होता त्याचा. कोरससाठी त्याने एका मुलीचा आवाज घेऊन ठेवला होता. तोच आवाज त्याने एकावर एक पाच वेळा ठेवला आणि कडव्यांच्या मधे टाकला.

पप्पा बाहेर येऊन सोफ्यावर माझ्याशेजारी बसले. त्यांनी आपलं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला वाटलं होतं ते काही तरी म्हणतील, निदान कपाळाला आठी पडेल. ते खुश झाले. खरंच झाले. "च्यायला," ते म्हणाले, आणि मी शेजारी आहे हे आठवून जीभ चावली. "हा माझा आवाज? बेटा, थोडा एको और डालो ना." त्याने एको टाकला. पप्पांनी डोळे मिटून घेतले. आयुष्यभर स्वतःचा आवाज शिट्ट्या मारणाऱ्या माइकमधून ऐकलेल्या माणसाला तो कसा वाटला असेल, हे मी समजू शकते. त्या आनंदात खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच मी गप्प राहिले.

जयंतीला संध्याकाळी कॉलनीच्या गेटपासून मिरवणूक निघाली. कमिटीच्या मुलांनी शब्द पाळला. बायका पांढऱ्या साड्या नेसून गाडीच्या मागे चालत होत्या. मम्मी आणि काकू पुढच्या रांगेत, मी त्यांच्या मागे. पप्पा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात गाडीच्या बाजूने. बासरी वाजली आणि स्पीकरमधून पप्पांचा आवाज आला. एवढा मोठा की छातीत हादरा बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकू मागे वळून मला म्हणाल्या, "तुझ्या काकांचं गाणं गं!" त्यांच्या नवऱ्याचे शब्द होते ते.

"कंदिलाची काळी झाली..." आणि काकूंनी तोंड उघडलं. मम्मीनेही. मागच्या साऱ्या बायकांनी. पण शब्द आधीच येऊन गेला होता. "काच" म्हणून पप्पांचा आवाज पुढच्या ओळीत पोचलाही होता. बायका अर्ध्यात थांबल्या, एकमेकींकडे बघून हसल्या.

"अगं बया, यांनी तर आपलं पण म्हणून टाकलं."

"घाई झालीय त्यांना. रिटायर व्हायचंय ना!"

"पुढच्याला धरू. लक्ष ठेवा."

पुढच्या ओळीला त्या तयार होत्या. "पाच" त्यांनी थोडा लवकर पकडला, तो मशीनच्या "पाच"वर आपटला आणि गाणं सुटलं. तिसऱ्याला काकूंनी एकटीने प्रयत्न केला. मग मम्मीने नुसती टाळी धरली. दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळ्यांची तोंडं मिटली होती आणि त्या चांगल्या श्रोत्यांसारख्या ऐकत चालल्या होत्या. गाण्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. गाडीजवळची तरुण मुलं पप्पांना म्हणत होती, "काका, एकदम भारी. मार्केटमध्ये मिळतं तसं वाटतंय." पप्पा हात जोडत होते. पण प्रत्येक ओळीच्या शेवटी त्यांची मान डावीकडे वळत होती. डावीकडे गाडीचं चाक होतं.

ती सीडी पुढे दरवर्षी लागत राहिली. पप्पांना पुन्हा कुणी माइकसमोर उभं राहा म्हणालं नाही, आणि सीडी असताना म्हणायची गरजही नव्हती. पप्पा रिटायर झाल्यावर आम्ही बदलापूरला फ्लॅट घेतला. तिथल्या शेजाऱ्यांना पप्पा गातात हे सीडीवरूनच कळलं. पुढे काकूही वारल्या. त्यांच्या पुण्यानुमोदनाला कुणीतरी तीच सीडी लावली, आणि त्यांच्या नवऱ्याचं गाणं आम्ही सगळ्यांनी माना खाली घालून ऐकलं. आता मला वाटतं की "काच! गं बाई, काच!" हे कसं म्हणायचे, हे कुठेच राहिलेलं नाही. शब्द सापडतील, चाल सापडेल. ते झेलणं सापडणार नाही, कारण ते कुणा एकाच्या आवाजात नव्हतंच.

मिरवणुकीच्या त्या संध्याकाळी घरी आल्यावर पप्पा खुर्चीत बसले. बायकांची तोंडं मिटलेली त्यांनी पाहिली होती का, ते मला माहीत नाही. मम्मी पाणी घेऊन आली आणि नेहमीप्रमाणे म्हणाली, "चला, एकदाचं वाक्य पुरं करायला मिळालं तुम्हाला." ते हसले नाहीत. त्यांनी पाणी अर्धंच प्यायलं, पेला हातातच धरून ठेवला.

"सगळे छान म्हणाले," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "हिने अजून काहीच सांगितलं नाही. काय गं बाळा? तू तर स्टुडिओत पण होतीस. शिकलेली आहेस. सीडी कशी झाली?"

"चांगली झाली."

"तोंडदेखलं नको. खरं सांग."

मी तेव्हा जे बोलले ते बोलायला नको होतं, असं मला बरीच वर्षं वाटत आलंय. ते स्टुडिओतच बोलायला हवं होतं, असंही वाटतं. दोन्हीपैकी कोणतं खरं, ते ठरत नाही. मम्मी दारातच थांबली होती. पप्पा वाट बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत मला इतकी आशा दिसली की खोटं बोलणं सोपं होतं. मी खाली बघितलं, आणि मग वर बघून म्हणाले,

"आवाज खूप छान आलाय, पप्पा. पण आम्ही कुठे म्हणायचं?"